जॉन मॅक्लेंडन : बंद दारे उघडणारा प्रशिक्षक

बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांचे मार्गदर्शन लाभावे, परंतु त्याच विद्यापीठाच्या संघातून खेळण्यास मज्जाव असावा, असा दैवदुर्विलास जॉन मॅक्लेंडन यांच्या वाट्याला आला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ५ एप्रिल १९१५ रोजी जन्मलेले मॅक्लेंडन कृष्णवर्णीय होते आणि कॅन्सस विद्यापीठाच्या संघाची दारे तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होती. ते तेथील तरणतलावात उतरले, तेव्हा जणू पाणी बाटले अशा भावनेने तलाव रिकामा करण्यात आला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर तो तलाव सर्व विद्यार्थ्यांना खुला झाला. १९३६ मध्ये ते शारीरिक शिक्षणाचे पदवीधर झाले. स्वतःला नाकारलेल्या मैदानावर इतरांना समर्थपणे उभे करणे, हेच पुढे त्यांचे जीवितकार्य ठरले.

डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक असताना त्यांनी प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वीच वेगाने चढाई करणारी खेळशैली विकसित केली. दक्षिणेकडील त्या प्रदेशात दोन वर्णांच्या संघांनी एकत्र खेळणे निषिद्ध होते. तरीही १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, गावातील लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये गेले असताना, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा गौरवर्णीय संघ गुपचूप तेथे आला. व्यायामशाळेची दारे आतून बंद करून सामना झाला. मॅक्लेंडन यांचा संघ ८८-४४ असा विजयी झाला. त्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडू परस्परांत मिसळून पुन्हा खेळले. त्या सकाळचे खरे यश हे दुसऱ्या खेळात होते. ही घटना मात्र कित्येक दशके जगापासून गुप्तच राहिली.

पुढे नॅशव्हिलच्या टेनेसी ए. अँड आय. महाविद्यालयाला त्यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले प्रशिक्षक होत. १९६१ मध्ये क्लीव्हलंड पायपर्स या संघाला त्यांनी हौशी संघांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. त्याच संघाने व्यावसायिक साखळीत पदार्पण केल्यावर मालकांशी मतभेद होताच त्यांनी पदत्याग केला. केंटकी, पुन्हा क्लीव्हलंड, डेन्व्हर अशी त्यांची भ्रमंती सुरूच राहिली. १९६६ मध्ये क्लीव्हलंड राज्य विद्यापीठाची सूत्रे स्वीकारून, प्रामुख्याने गौरवर्णीय असलेल्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होण्याचा मान त्यांनी मिळवला. सर्वत्र विजय लाभला असे नाही; डेन्व्हरची कारकीर्द तर अल्पकाळातच संपली. पण प्रत्येक ठिकाणी त्यांच्यामागून येणाऱ्यांची वाट काहीशी सुकर झाली.

१९७९ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांना स्थान मिळाले, ते खेळाला दिलेल्या योगदानाबद्दल. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षक म्हणून त्याच कीर्तिमंदिराने त्यांचा गौरव केला तो २०१६ मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. शिक्षकाच्या श्रमांची पावती कधी कधी अशी विलंबाने मिळते. पण विद्यार्थ्यांच्या पावलांत आलेला आत्मविश्वास तिची वाट पाहत थांबत नाही.