विश्लेषण : अंधारात वटवाघळाला वाट कशी सापडते? स्पालान्झानींच्या उत्तरावर जगाने दीड शतक विश्वास का ठेवला नाही?

वटवाघूळ आंधळे असते, असा समज आजही घरोघरी आहे. प्रत्यक्षात वटवाघळाची एकही जात आंधळी नाही. मात्र रात्री किडे पकडून जगणाऱ्या वटवाघळांची सगळी भिस्त डोळ्यांपेक्षा कानांवर असते. हे प्रयोगातून पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत इटलीचे लाझारो स्पालान्झानी आघाडीवर होते. त्यांचे उत्तर बरोबर होते, तरी ते हसण्यावारी नेले गेले. असे का झाले आणि प्राण्यांचे कान त्यांच्या जगण्याशी कसे जुळलेले असतात, याचा हा आढावा.

स्पालान्झानी कोण होते?

लाझारो स्पालान्झानी यांचा जन्म १७२९ मध्ये उत्तर इटलीतील स्कँडियानो या छोट्या गावात झाला. वडील वकील. मुलानेही वकील व्हावे म्हणून त्याला बोलोन्याला कायदा शिकायला पाठवण्यात आले. तिथे नात्यातल्या लॉरा बास्सी भौतिकशास्त्र शिकवत. युरोपातील विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. त्यांच्या सहवासात स्पालान्झानी कायद्याकडून विज्ञानाकडे वळले. पुढे त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. रेजिओ आणि मोडेना येथे शिकवल्यानंतर १७६९ मध्ये ते पाव्हिया विद्यापीठात रुजू झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

कोणतीही गोष्ट स्वतः करून पाहिल्याशिवाय मानायची नाही, हा त्यांचा खाक्या होता. रस्सा बराच वेळ उकळून हवाबंद ठेवला, तर त्यात सूक्ष्मजीव आपोआप तयार होत नाहीत, हे त्यांनी दाखवले. पोटात अन्नाचे काय होते हे कळावे म्हणून कापडी पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या. कुत्रीमध्ये कृत्रिम रेतन करून पिल्ले जन्माला घातली. एकेक शक्यता तपासायची आणि खोटी ठरली की बाजूला काढायची, ही त्यांची पद्धत. वयाच्या ६४व्या वर्षी हीच पद्धत त्यांनी वटवाघळांसाठी वापरली.

घुबड अडखळले, वटवाघूळ का नाही?

स्पालान्झानींनी एक घुबड पाळले होते. खोलीत मेणबत्तीचा मंद उजेड असला की ते आरामात उडे. मेणबत्ती विझून पूर्ण काळोख झाला, की मात्र भिंतींवर आणि सामानावर आदळे. रात्री शिकार करणाऱ्या पक्ष्यालाही थोडा तरी उजेड लागतो, एवढे त्यातून कळले.

१७९३ मध्ये हाच प्रयोग त्यांनी वटवाघळांवर केला. मेणबत्ती विझली तरी वटवाघळे पूर्वीसारखीच उडत राहिली. छतापासून दोरे टांगले, तर दोऱ्यांमधूनही ती सफाईने निघून गेली. मग त्यांनी वटवाघळाच्या डोक्यावर टोपी घातली. आता मात्र ते धडकू लागले. याचा अर्थ त्याला डोळे लागतात, असे कोणीही म्हटले असते. स्पालान्झानींनी पारदर्शक टोपी घालून पाहिली. त्यातून दिसत असूनही वटवाघूळ धडकलेच. टोपी डोळ्यांखेरीज आणखी काहीतरी अडवत होती.

डोळ्यांविना वटवाघळे कशी जगली?

पुढचा टप्पा क्रूर होता. त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी केले. आज प्राण्यांवरील प्रयोगांना परवानगी देणारी कोणतीही समिती हे मान्य करणार नाही. निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. जखमेतून सावरलेली आंधळी वटवाघळे डोळस वटवाघळांइतकीच सहज उडत होती.

पण बंद खोलीत उडणे वेगळे आणि बाहेर पोट भरणे वेगळे. म्हणून पाव्हियाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरातून पकडलेली वटवाघळे आंधळी करून त्यांनी मोकळी सोडली. काही दिवसांनी पहाटे, शिकारीहून परतलेल्या वटवाघळांमध्ये त्यातली काही पुन्हा हाती लागली. त्यांची पोटे तपासली, तर डोळस वटवाघळांच्या पोटाइतकीच ती किड्यांनी भरलेली होती. अंधारात हवेत उडणारा किडा डोळ्यांशिवाय पकडला गेला होता.

मग कोणते इंद्रिय? त्यांनी वटवाघळाच्या अंगाला रोगण फासून स्पर्शाची शक्यता तपासली. वास आणि चवही तपासून पाहिली. काहीच जुळेना. त्यामुळे वटवाघळाकडे माणसाला ठाऊक नसलेले एखादे नवे इंद्रिय असावे, अशी शंका त्यांनी पत्रांतून मांडली आणि युरोपातील इतर अभ्यासकांना हे प्रयोग करून पाहण्याची विनंती केली.

कानांपर्यंत कोण पोहोचले?

ही हकिगत जिनिव्हातील शल्यचिकित्सक लुई ज्युरीन यांच्या कानावर गेली. त्यांनी १७९४ मध्ये वटवाघळांचे कान मेणासारख्या पदार्थांनी बंद केले. डोळे उघडे असूनही ती समोर येईल त्यावर आदळू लागली.

स्पालान्झानी तोवर युरोपभर गाजलेले नाव होते. ज्युरीन यांचा निष्कर्ष त्यांना आधी पटला नाही. कानात बोळा कोंबल्याने वेदना होत असतील आणि त्यामुळे प्राणी बिथरत असेल, ही शंका रास्त होती. ती फेडण्यासाठी त्यांनी कानात बसतील अशा इवल्याशा पितळी नळ्या बनवून घेतल्या. नळ्या मोकळ्या असताना वटवाघळे नीट उडाली. त्याच नळ्या बुजवल्यावर ती धडकू लागली. कानात परकी वस्तू दोन्ही वेळा होती. फरक होता तो ऐकू येण्या-न येण्याचा. स्पालान्झानींनी नव्या इंद्रियाची स्वतःची कल्पना सोडली आणि ज्युरीन यांचे म्हणणे स्वीकारले.

मग जगाने ते का मानले नाही?

एक प्रश्न सुटत नव्हता. वटवाघूळ ऐकते, पण काय? खोलीत तर शांतता होती. पंखांच्या फडफडीचा आवाज भिंतीवरून परत येत असावा, अशी एक शक्यता स्पालान्झानींपुढे होती. तिचा पुरावा मिळाला नाही.

त्याच सुमारास फ्रान्सचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी वटवाघळाच्या पंखांमधील स्पर्शज्ञान एवढे तल्लख असते की त्यातून सगळे समजते, असे मत मांडले. त्यासाठी त्यांनी प्रयोग केले नव्हते. पण त्यांच्या शब्दाला वजन होते आणि स्पर्शाची कल्पना पटायला सोपी होती. कानांनी वाट शोधणाऱ्या प्राण्याची थट्टा झाली. स्पालान्झानी १७९९ मध्ये पाव्हियात वारले. वटवाघळांवरील त्यांचे बरेचसे काम वह्यांत आणि पत्रांतच राहिले. पुढे शंभराहून अधिक वर्षे पुस्तकांत पंखांच्या स्पर्शाचेच स्पष्टीकरण चालत राहिले.

न ऐकू येणारा आवाज कधी सापडला?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे आवाज ऐकू येतात. त्यापुढचे ध्वनी, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी, आपल्यासाठी शांतताच असतात. वटवाघूळ असे ध्वनी वापरत असावे, असा तर्क इंग्लंडचे हॅमिल्टन हार्टरिज यांनी १९२० मध्ये मांडला.

पुरावा १९३८ मध्ये मिळाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांच्याकडे श्राव्यातीत ध्वनी टिपून माणसाला ऐकू येईल असा करणारे यंत्र होते. डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने त्यासमोर वटवाघळे आणली आणि शांत वाटणारी खोली आवाजांनी भरून गेली. त्यानंतर ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलॅम्बोस यांनी दाखवले, की वटवाघळाचे तोंड बंद केले तरी ते कान बंद केल्यासारखेच आंधळेपणाने उडते. वटवाघूळ स्वतः आवाज करते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकते. या क्षमतेला ग्रिफिन यांनी १९४४ मध्ये इकोलोकेशन हे नाव दिले. स्पालान्झानींच्या प्रयोगात काही चुकले नव्हते. त्यांना फक्त तो आवाज ऐकू येणे शक्य नव्हते.

वटवाघळाचा कान कसा काम करतो?

ध्वनीची वारंवारता जितकी जास्त, तितकी त्याची लहर आखूड. ५०,००० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील लहर साधारण ७ मिलिमीटर लांबीची असते. त्यामुळे लहानशा किड्यावर आपटूनही प्रतिध्वनी परत येतो. लांब लहर अशा किड्याला बहुतांशी वळसा घालून पुढे जाते. एक मीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी सुमारे ६ मिलिसेकंदांत कानावर येतो. या वेळेतील सूक्ष्म फरकावरून वटवाघळाला अंतर कळते.

स्वतःच्याच मोठ्या आवाजाने कान बधिर होऊ नये, याचीही सोय आहे. अनेक जातींत ओरडण्याच्या वेळी मध्यकर्णातील स्नायू आवळला जातो आणि प्रतिध्वनी येईपर्यंत सैल होतो. सावज जवळ आले की आवाजांची गती वाढते. शेवटच्या क्षणी ती सेकंदाला दीडशेच्या पुढेही जाते.

घुबड आणि पतंग काय ऐकतात?

स्पालान्झानींच्या घुबडाचे कोडेही यातून सुटते. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान समान उंचीवर नसतात. त्यामुळे उंदराची खसफस वरून आली की खालून, हे त्याला कळते. त्याचा तबकासारखा चेहरा आवाज गोळा करून कानांकडे वळवतो. पूर्ण काळोखातही ते आवाजावरून उंदीर पकडू शकते. पण उंदीर आवाज करतो, भिंत करत नाही. घुबड दुसऱ्यांचे आवाज ऐकते. वटवाघूळ आपला आवाज पाठवून मुक्या भिंतीलाही बोलते करते.

शिकारीच्या कानाला सावजाच्या कानाचे उत्तर आहे. रात्री उडणाऱ्या अनेक पतंगांना छातीवर साधे कान असतात. काही पतंगांच्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या फक्त दोन चेतापेशी असतात. अमेरिकेतील केनेथ रोडर यांच्या अभ्यासातून दिसले, की वटवाघूळ दूर असेल तर असा पतंग विरुद्ध दिशेला वळतो आणि अगदी जवळ आले तर वेडीवाकडी गिरकी घेत खाली कोसळतो. जीव वाचवायला एवढे ऐकणे पुरते.

वडावरची वटवाघळेही असेच करतात?

नाही. आपल्याकडे वड-पिंपळावर दिवसा उलटी लटकणारी मोठी वटवाघळे फळे खातात. त्यांना इकोलोकेशन करता येत नाही. ती मोठे डोळे आणि नाक यांच्या बळावर फळे शोधतात. फळ पळून जात नाही, त्यामुळे त्यांचे काम तेवढ्यावर भागते. संध्याकाळी रस्त्याच्या दिव्याभोवती झपकन वळणारी छोटी वटवाघळे मात्र प्रतिध्वनीवर जगतात.

आज हा शोध कशासाठी महत्त्वाचा?

आता संशोधक वटवाघळांना हात न लावता, हातात मावणाऱ्या डिटेक्टरवर त्यांचे आवाज टिपतात आणि बऱ्याच जाती त्यावरून ओळखतात. डोळे निकामी करण्याची गरज उरलेली नाही. त्याचबरोबर एक चिंताही पुढे आली आहे. पाचोळ्यातील किड्यांची चाहूल ऐकून शिकार करणारी वटवाघळे आणि घुबडे वाहनांच्या गोंगाटात कमी यशस्वी होतात. माणसाला सवयीचा झालेला आवाज त्यांच्यासाठी उपाशी रात्र ठरू शकतो. प्राण्याला काय ऐकू येते, हे आपल्या कानांवरून ठरवण्याची चूक एकदा झाली आहे. रस्ता किंवा कारखाना कुठे असावा हे ठरवतानाही ती होऊ शकते.