पावसाचे गणित

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर हा धानाचा मुलूख. मृगाच्या सरींवर तेथील शेतकरी पऱ्हे टाकतो आणि रोवणीसाठी बांधीत पाणी साचण्याची वाट पाहतो. पाऊस लांबला तर पऱ्हे वाळतात आणि वर्षाची आशा मावळते. समुद्र लाखांदूरपासून शेकडो मैल दूर. तरीही तेथील पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्याच स्वाधीन असतो. यंदा हा पाऊस पुरेसा पडेल काय, हे आधी ओळखता यावे म्हणून ज्यांनी वीस वर्षे अखंड परिश्रम केले, ते सर गिल्बर्ट वॉकर होत.

वॉकर यांचा जन्म १८६८ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. १८८९ साली ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनिअर रँग्लर झाले. पुढे दहा वर्षांनी हाच मान कोकणातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळविला. वॉकर यांची जिज्ञासा मोठी विलक्षण होती. फेकणाऱ्याकडे परत येणारे बूमरँग हवेत कसे वळते, याचेही गणित त्यांनी मांडले.

त्या काळी हिंदुस्थानावर दुष्काळाची छाया होती. १८७७ व १८९९ या वर्षी पावसाने दगा दिला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. १८८६ पासून हवामानखाते पावसाचा अंदाज वर्तवीत असे. परंतु १८९९ साली तो साफ चुकला. अशा वेळी, १९०४ मध्ये, त्या खात्याची धुरा वॉकर यांच्याकडे आली. हवामानशास्त्राचा अनुभव त्यांना नव्हता. गणित हेच त्यांचे साधन होते.

पाऊस कसा येतो, हे ठाऊक होते. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरील दमट हवा खालून तिची जागा घेण्यास धावते. हे नैर्ऋत्येचे वारे कोकणात शिरले की सह्याद्री त्यांची वाट अडवितो. ते वर चढतात, थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे पाणी होते. म्हणूनच मुंबईस वर्षाकाठी दोनशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर घाटापलीकडील पुण्यास सुमारे सत्तर सेंटिमीटरच मिळतो. पूर्व विदर्भाला बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारेही पाऊस देतात. पण एखाद्या वर्षी हे वारे दुबळे का पडतात? वॉकर यांच्यापुढे हा प्रश्न होता.

उत्तरासाठी त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, उष्णतेच्या व पावसाच्या नोंदी जमविल्या. संगणक नव्हते, हिंदी कारकून हातांनी आकडेमोड करीत. त्यातून एक नवल उघड झाले. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो, आणि तेथे घटला की इकडे वाढतो. जणू तराजूची दोन पारडीच! १९२४ साली त्यांनी यास दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. या कामाच्या धांदलीतही, १९१३ साली मद्रासमध्ये रामानुजन या तरुण कारकुनाची गणिते पाहताच, त्यास विद्यापीठाने शिष्यवृत्ती द्यावी, अशी शिफारस त्यांनी केली.

वॉकर यांचे अंदाज नेहमीच खरे ठरले नाहीत. या आंदोलनाचे कारणही त्यांना सापडले नाही. त्यामुळे अनेक विद्वानांनी त्यांच्या शोधाविषयी शंका घेतली. १९२४ साली ते मायदेशी परतले, लंडनमध्ये प्राध्यापक झाले आणि १९५८ साली निवर्तले.

१९६९ साली बियर्कनेस या शास्त्रज्ञाने ते कारण दाखविले. प्रशांत महासागराच्या पृष्ठालगत पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. ते मंदावले की एल निनो येतो, आणि अशा वर्षी आपल्याकडे पुष्कळदा पाऊस कमी पडतो. बियर्कनेस यांनी त्या वाऱ्यांच्या चक्रास वॉकर यांचेच नाव दिले. आज पावसाचा अंदाज बांधताना या चक्राकडे लक्ष द्यावेच लागते. लाखांदूरच्या बांधीत पडणाऱ्या सरीचे नाते हजारो मैल दूरच्या महासागराशी आहे, हे प्रथम वॉकर यांच्या आकड्यांनी दाखविले.