विश्लेषण : थायरॉइड आटोक्यात, तरी डोळे बाहेर का? डॉ. ग्रेव्ह्ज यांच्या आजाराची गोष्ट

छातीत धडधड, गळ्याला सूज आणि काही रुग्णांत खोबणीबाहेर आलेले डोळे. थायरॉइडच्या या आजाराला ‘ग्रेव्ह्ज डिसीज’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या डॉक्टरांना दोष हृदयात असल्याचे वाटले होते.

कोण होते रॉबर्ट ग्रेव्ह्ज?
त्यांचा जन्म १७९६ मध्ये आयर्लंडमधील डब्लिनचा. तरुणपणी युरोपात फिरताना ते इतके सफाईदार जर्मन बोलत, की ऑस्ट्रियात त्यांना हेर समजून दहा दिवस तुरुंगात ठेवले गेले. पासपोर्ट जवळ नव्हता! १८२१ मध्ये ते डब्लिनच्या मीथ रुग्णालयात रुजू झाले. विद्यार्थ्यांना त्यांनी थेट रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवले. तापाच्या रुग्णाला उपाशी ठेवण्याची तेव्हा प्रथा होती. ग्रेव्ह्ज यांनी त्याला खाऊ घातले.

आजार कसा लक्षात आला?
१८३५ मध्ये त्यांचे व्याख्यान छापून आले. त्यात तीव्र धडधड आणि सुजलेली थायरॉइड ग्रंथी असलेल्या तीन महिलांचे वर्णन होते. त्यांच्या मित्राने पाहिलेल्या आणखी एका महिलेचे डोळे इतके पुढे आले होते, की झोपेतही पापण्या मिटत नसत. इंग्लंडच्या कॅलेब पॅरी यांनी असे रुग्ण आधीच नोंदवले होते. जर्मनीत बासेडो यांनी १८४० मध्ये तिन्ही लक्षणे एकत्र मांडली. तिथे आजाराला त्यांचेच नाव आहे.

गिनीपिगने काय दाखवले?
ग्रेव्ह्ज १८५३ मध्ये वारले. थायरॉक्सिन हे संप्रेरक १९१४ मध्ये वेगळे करता आले. डोळ्यांचा दोष त्याच्यावर जाणे स्वाभाविक होते. पण १९३० च्या दशकात गिनीपिगना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांचे डोळे पुढे आले. थायरॉइड आधीच काढून टाकलेल्या प्राण्यांतही तेच घडले. म्हणजे डोळे बाहेर येण्यासाठी थायरॉक्सिन वाढायलाच हवे असे नव्हते.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?
माणसांत मूळ दोष रोगप्रतिकारशक्तीचा असतो. तिने तयार केलेली प्रतिपिंडे थायरॉइडला चेतवतात आणि डोळ्यामागच्या ऊतींनाही. तिथले स्नायू व चरबी सुजते आणि डोळा पुढे ढकलला जातो. म्हणूनच रक्ततपासणीचे आकडे नॉर्मल आले, तरी डोळ्यांचा त्रास राहू शकतो. धूम्रपानाने तो बळावतो. दुहेरी दिसणे, रंग फिके वाटणे किंवा पापण्या न मिटणे, यांपैकी काही जाणवले तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.