केडगावची फळबाग आणि पंडिता रमाबाई

कशेळ्याहून कर्जतला यावे, तेथे पुण्याकडे जाणारी गाडी धरावी आणि पुण्याहून दौंडच्या दिशेने सुमारे ५५ किलोमीटर पुढे जावे, म्हणजे केडगाव लागते. १८९० साली पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्यास हलविले, तेव्हाही पुण्याची रेल्वे कर्जतवरूनच बोरघाट चढत असे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या सहवासात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि आपल्या भागात उद्योगशाळा उभारण्याचे स्वप्न पाहणाऱ्या कोणत्याही धर्मग्रामाने त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेने कन्येला. तीर्थयात्रेत कुटुंबाची वाताहत झाली. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली विवाह, १८८२ साली वैधव्य, पदरी मनोरमा ही लहान कन्या. भूक आणि निराधारपणा या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः भोगल्या होत्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहून त्यांनी निधीला आरंभ केला. गावोगावी व्याख्याने देत असता त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षणही घेतले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या शाखांतील सभासदांनी दरसाल किमान एक डॉलर, तोही दहा वर्षे, देण्याचे वचन दिले. मोठ्या दात्याची वाट न पाहता अनेकांकडून थोडे थोडे, पण नेमाने घ्यावयाचे, अशी ही योजना होती. मात्र तिला मुदत होती, आणि रमाबाईंनी ती मुदत कधी नजरेआड केली नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली गेली. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नाही, असा सदनाचा नियम होता. परंतु रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी अनेक मुली घरी नेल्या. पालकांची धास्ती समजण्यासारखी होती. पण आपली श्रद्धा लपवून शाळा चालविणे रमाबाईंना मान्य नव्हते, हेही खरे.

अशा वेळी त्यांनी केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. उद्देश व्यवहारी होता. तेथे फळझाडे लावावीत आणि दहा वर्षांचे वचन संपेपर्यंत बागेच्या उत्पन्नावर शाळा उभी राहावी. शाळेची इमारत पुण्यात, तिच्या उद्याच्या जेवणाची तजवीज केडगावात, असा तो विचार होता.

बाग अजून बाल्यावस्थेत असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० उपाशी मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगची धामधूम होती. एवढ्या जणींना तेथे ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा फळांसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. नकाशा आधी आणि माणसे नंतर, हा क्रम येथे उलटला.

१८९८ साली दहा वर्षे पुरी झाली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि शारदा सदनासाठी असोसिएशनची नव्याने रचना झाली. मुक्तीला मात्र ठरावीक वर्गणीचा आधार नव्हता. पैसा हाती येईल तशा विहिरी, निवास, वर्ग आणि प्रार्थनामंदिर ही कामे पुढे सरकली. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, शिवणकाम, दुग्धशाळा, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकत आणि त्यांतूनच संस्थेच्या गरजाही भागत. मनोरमाबाईंच्या प्रयत्नाने अंध मुली ब्रेल लिपी शिकल्या. टोपल्या विणणे हा त्यांचा उद्योग होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले.

एवढी तोंडे केवळ बागेवर पोसली गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. देणग्यांची गरज अखेरपर्यंत राहिली. पण देणगी न आलेल्या दिवशीही ज्यांच्या हाताला काम होते, अशा शेकडो स्त्रिया तेथे घडल्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. खचलेल्या शरीराने रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत चालविलेले भाषांतर पुरे करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले होते आणि त्याचे खिळे तेथे शिकलेल्या स्त्रियांनी जुळविले होते.