शूटिंगला निघालेली रंजना एका अपघातानं कायमची व्हीलचेअरवर आली

'गुपचूप गुपचूप', 'गोंधळात गोंधळ', 'बिनकामाचा नवरा'. टीव्हीवर यातलं काहीही लागलं की आजही घरातलं कुणी चॅनेल बदलत नाही. या सिनेमांची नायिका म्हणजे रंजना देशमुख.

तिचा जन्म १९५५ चा. आई वत्सला देशमुख अभिनेत्री आणि 'पिंजरा'ची संध्या ही मावशी, त्यामुळे सिनेमा घरातच होता. 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी'मधून ती पुढे आली. 'अरे संसार संसार'मध्ये तिनं रडवलं, अशोक सराफांसोबत जोडी जमल्यावर पोट धरून हसवलं. एकच नायिका दोन्ही तेवढ्याच ताकदीनं करते, हे मराठीत फार कमी वेळा झालंय.

१९८७ साली 'झंझार'च्या चित्रीकरणासाठी ती बंगळुरूकडे निघाली. वाटेत गाडीला भीषण अपघात झाला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वय अवघं बत्तीस.

त्या काळी गाडीत सीटबेल्टची सक्ती नव्हती आणि फोन केला की येणारी १०८ ची अॅम्ब्युलन्सही नव्हती. आज दोन्ही आहे. तरी मुंबई-नाशिक हायवेवर, भिवंडीच्या मानकोली किंवा राजनोली नाक्याजवळ कंटेनरच्या रांगेत एखादी कार ठोकली गेली, तर पहिली गडबड होते ती जखमीला हात-पाय धरून ओढायची आणि रिक्षात कोंबायची. हेतू चांगलाच असतो. पण मणका मोडला असेल तर आतल्या मज्जारज्जूला या ओढाताणीत आणखी इजा होते आणि चालू शकणारा माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

म्हणून आधी मागची वाहनं थांबवा, गाडीचं इंजिन बंद करा, १०८ ला फोन लावा. आग लागली असेल, श्वास थांबला असेल किंवा दुसरं वाहन धडकायची भीती असेल, तरच जखमीला हलवा. तेव्हाही तिघा-चौघांनी मिळून, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून. बसवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. पोलिसांच्या चकरा लागतील म्हणून अनेक जण लांबूनच बघतात, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि हो, बेल्ट मागच्या सीटवरही लावायचा असतो. तो न लावलेला मागचा माणूस धडकेत पुढच्यावर जाऊन आदळतो.

रंजनासाठी अपघातानंतरची तेरा वर्षं व्हीलचेअरवर गेली. हातातले सिनेमे गेले. कालपर्यंत जिच्या तारखा मिळत नव्हत्या, तिच्याकडे आता नुसता वेळच वेळ होता. मात्र ती घरात कोंडून बसली नाही. 'फक्त एकदाच' या नाटकातून ती पुन्हा प्रेक्षकांसमोर आली, व्हीलचेअरवर बसूनच. पायांची साथ नसताना चेहरा आणि आवाजाच्या जोरावर तिनं ते नाटक केलं.

३ मार्च २००० रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं तिचं निधन झालं. पंचेचाळिशीच्या आसपास वय होतं. आई वत्सला देशमुख तिच्यानंतर बरीच वर्षं जगल्या.