सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घरात एक प्रकरण चालू होते. माझी पुतणी परिचारिका आहे. लढाईने उद्ध्वस्त झालेल्या एका मुलखात वर्षभर जखमींच्या सेवेला जायचे, असे तिने मनात घेतले आहे. माझ्या जाऊबाई रोज डोळ्यांना पदर लावतात. त्या निमित्ताने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची माहिती मी शोधून वाचली. तीच माझ्या ओबडधोबड भाषेत लिहिते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. दोन भाऊ, पाच बहिणी, असे मोठे कुटुंब. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे आणि चादरींचे गाव, तसेच ते देशभक्तांचेही गाव. १९३० साली तिथे इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला आणि पुढच्या जानेवारीत चौघांना येरवड्याला फाशी दिले. त्या वेळी द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. मुंबईला शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले.

इकडे १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठी चढाई केली. माणसे किड्यामुंगीसारखी मरू लागली आणि डॉक्टर मिळेनात. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. १९३८ च्या जूनअखेर त्यांनी देशाला आवाहन केले आणि बावीस हजार रुपये जमले. आपलाच देश पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या जखमा बांधायला लोकांनी पैसे काढून दिले, हे मला फार मोठे वाटते. पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस.

सोलापूरहून मुंबईला जायचे तर लोणावळा ओलांडून खंडाळ्याचा घाट उतरावा लागे. म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊन निघालेला हा अठ्ठावीस वर्षांचाही न झालेला मुलगा आपल्याच स्टेशनावरून, ऐन पावसाळ्याच्या हिरवाईतून गेला. गाडीची शिटी ऐकली की हल्ली मला ते आठवते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले. बरोबर रुग्णवाहिका आणि औषधे होती. त्या महिन्याच्या मध्यावर ते कँटनला पोचले, तिथून हँको, तिथून इचांग आणि मग चुंगकिंग. हे पुढे सरकत होते आणि मागची शहरे पडत होती. कँटन आणि हँको ही दोन्ही ऑक्टोबरात जपान्यांच्या हाती गेली. तिथल्या लोकांनी या पाहुण्यांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन, हा शब्द जोडला. आमचे कोटणीस के-दी-हुआ झाले.

चुंगकिंग सोडून पुढे येनानला जायचे अशा वेळी घरून बातमी आली की वडील वारले. त्यांनी परत जावे, असे कोणी म्हटले असते तर त्यात गैर काहीच नव्हते. ते परतले नाहीत. माझ्या मनाला हे आजही पटत नाही, असे मी खरे तेच लिहिते. घरी आई होती, पाठची भावंडे होती. मुलाने तेराव्याला नसावे हे कोणत्या आईला सोसेल? पण पुढचे सगळे वाचल्यावर मी त्यांना दोषही देऊ शकत नाही. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत.

१९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. तो पिवळ्या मातीच्या डोंगरांचा उघडा मुलूख. डोंगरात कोरलेल्या गुहा हीच तिथली घरे, तेच दवाखाने. थंडीत पाणी गोठून जाते. जेवायला तांदूळ दुर्मिळ, रोजचे अन्न म्हणजे राळे. आपल्या मावळात भाताशिवाय ताटाला शोभा नाही. पण ज्यांच्या आजीने राळ्याचा भात रांधला असेल त्यांना तो घशाखाली कसा उतरतो हे ठाऊक असेल. अंगावर जाड्याभरड्या सुताचे, आत कापूस भरलेले कपडे. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने हे सारे अंगवळणी पाडून घेतले. मुख्य म्हणजे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. रोग्याला कुठे दुखते हे रोग्याच्याच बोलीत विचारावे लागते, मध्ये दुभाष्या ठेवून भागत नाही. पुढे तर ते विद्यार्थ्यांना चिनी भाषेतच शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहिले.

ठरले होते एक वर्षाचे. चोळकर आणि मुखर्जी परतले, नंतर डॉ. अटलही परतले. यात त्यांचा काही कमीपणा नाही, ते कबूल केलेले काम करून आले. कोटणीस आणि बसू राहिले. १९४० साली ते दोघे उत्तरेकडे लढाईच्या तोंडाशी गेले. तिथे कॅनडाहून आलेले डॉ. बेथून नावाचे नामांकित सर्जन काम करीत असत. शस्त्रक्रिया करताना बोट कापून त्यात विष भिनले आणि १९३९ च्या नोव्हेंबरात ते गेले. त्यांची जागा कोणी घ्यायची हा प्रश्नच होता. डॉ. बसू नंतर येनानला परत गेले, कोटणीस तिथेच थांबले आणि १९४१ च्या जानेवारीत बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले.

रुग्णालय म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या भिंती आणि रांगेने खाटा येतात. तिथे शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांतून जखमी ठेवलेले असत. जपानी सैन्य गावे जाळीत आले की रात्रीतून सारे उचलून डोंगरापलीकडच्या गावात न्यायचे. हत्यारे खेचरांच्या पाठीवर आणि माणसे डोल्यांतून. औषधे बाहेरून येऊ देत नसत, म्हणून ती जपून जपून वापरायची. पट्ट्या धुवायच्या, उकळायच्या, वाळवायच्या आणि पुन्हा दुसऱ्या जखमेला बांधायच्या. घरात एक आजारी माणूस असले तरी धुण्याचा केवढा डोंगर होतो हे आपण बायका जाणतो. १९४० च्या एका मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेच्या वर जखमी त्यांच्याकडे आले, असे त्यांच्या चरित्रांत लिहिलेले आहे. त्या दिवसांची वाहवा सगळे करतात. मला मात्र त्यांच्या मागचे-पुढचे दिवस जास्त कठीण वाटतात. तेच राळे, तीच थंडी, तेच ड्रेसिंग, घरच्या पत्राचा पत्ता नाही, आणि उद्या पुन्हा तेच.

त्याच वर्षी बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची कुओ चिंगलान यांच्याशी ओळख झाली. त्या परिचारिकांना शिकवीत असत. १९४१ च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. शांतारामबापूंनी १९४६ साली डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला, त्यात स्वतः बापू कोटणीस झाले आणि जयश्रीबाई चिंगलान. मी तो लहानपणी दूरदर्शनवर पाहिला आणि कितीतरी दिवस मला तेवढेच ठाऊक होते. चित्रपटात गाणी असणारच. खऱ्या चिंगलानबाई मात्र स्वतःच लढाईच्या धामधुमीत काम करणाऱ्या बाई होत्या, नुसत्या डॉक्टरांच्या मागे उभ्या राहणाऱ्या नव्हत्या.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव इन्हुआ. इन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. एका नावात त्याचे आजोळ आणि आजोबांचे घर दोन्ही आली.

पण डॉक्टरांना फेफऱ्याचा विकार जडला होता. हालअपेष्टा, जागरणे, अपुरे अन्न, शरीर किती सोसणार? उपचारासाठी दुसरीकडे जावे म्हणून सहकाऱ्यांनी आग्रह धरला, त्यांनी ऐकले नाही. रोग्यांना औषध वेळेवर घ्या म्हणून दटावणारे डॉक्टर स्वतःच्या बाबतीत असे का वागतात, देव जाणे. शस्त्रक्रियेवरचे दुसरे पुस्तक त्यांनी लिहायला घेतले होते. ते अपुरेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेइ प्रांतातल्या एका खेड्यात ते वारले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे. बोटीवर चढून त्यांना सव्वाचार वर्षे झाली होती.

त्यांची समाधी आता शिजियाच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या बागेत आहे, तिथे पुतळाही आहे. आपल्या सरकारने १९९३ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. पुढे आपल्या देशाचे आणि चीनचे १९६२ साली युद्ध झाले, तरी या एका माणसाचे नाव तिकडे कोणी पुसले नाही.

इन्हुआ वाढला आणि वडिलांसारखाच वैद्यकी शिकू लागला. शिक्षण पुरे व्हायच्या आत, १९६७ साली, चोविसाव्या वर्षी तोही गेला. नवरा गेला तेव्हा चिंगलानबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. त्या पुढे सत्तर वर्षे जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या आणि सासरच्या माणसांना भेटून गेल्या. २०१२ साली, शहाण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

हे सारे मी एका दुपारी तांदूळ निवडता निवडता जाऊबाईंना सांगितले. वडिलांची बातमी आली तिथे त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने परत येऊन बसल्या आणि राळे कसे शिजवतात ते विचारले. सोलापूरला कोटणीसांच्या राहत्या घरी महापालिकेने स्मारक केले आहे. दिवाळीनंतर ते पाहायला जायचे आम्ही ठरवले आहे. पुतणी येणार आहे. जाऊबाईही येईन म्हणतात.