खडूच्या नळीतले रंगीत पट्टे

रायगड जिल्ह्यात रोहा, महाड, तळोजा येथे औषधांचे कारखाने आहेत. औषधात नको ते घटक किती उरले, हे तपासण्याची आजची मुख्य पद्धत म्हणजे क्रोमॅटोग्राफी, अर्थात वर्णलेखन. ती शोधणारे मिखाईल त्स्वेत हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म 1872 मध्ये इटलीतील अस्ती गावी झाला. वडील रशियन, आई इटालियन. आई लवकरच वारली आणि मुलगा जिनिव्हात वाढला. तिथे 1896 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण रशियात ही पदवी मान्य नव्हती, त्यामुळे पुन्हा परीक्षा देणे आले.

पानातला हिरवा रंग एकच की अनेक, हा त्यांचा प्रश्न होता. काचेच्या अरुंद नळीत खडूची बारीक पूड दाबून भरायची आणि वरून पानांचा अर्क ओतायचा. प्रत्येक रंगद्रव्य पुडीला कमी-अधिक चिकटते, म्हणून हिरवे-पिवळे पट्टे वेगळे होतात. मग पुडीचा दांडा बाहेर काढून पट्टे सुरीने कापायचे. पूड जाडसर असली किंवा सारखी भरली नाही, तर पट्टे वाकडे होऊन एकमेकांत मिसळतात. त्यांनी शंभराहून अधिक पदार्थ तपासून पाहिले. ही पद्धत 1903 मध्ये वॉर्सात मांडली आणि 1906 मध्ये तिला नाव दिले.

नामवंत रसायनतज्ज्ञांनी मात्र तिच्यावर विश्वास ठेवला नाही. महायुद्धात त्स्वेत यांना वॉर्सा सोडावे लागले. आजारपण पाठीशी होतेच. 1919 मध्ये वोरोनेझ येथे 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 1931 मध्ये हायडेलबर्गला गाजरातील रंगद्रव्ये याच रीतीने वेगळी झाली आणि पद्धतीचे दिवस पालटले.

आज इन्सुलिन आणि प्रतिपिंडांपासून बनलेली औषधे अशाच नळ्यांतून शुद्ध होतात. खडूच्या जागी बारीक सच्छिद्र मणी आले. त्यांतले काही समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या ॲगरोजचे असतात. रुग्णाच्या छातीचा सीटी स्कॅन काढतात, तसा संशोधक या मण्यांचाही काढतात. छिद्रे कशी जोडलेली आहेत, मणी कुठे दबले, हे त्रिमितीत दिसते. त्यावरून चांगले मणी घडवता येतात. कारण मणी दबले की प्रवाह अडतो, वेगळे झालेले घटक पुन्हा मिसळतात आणि नको ते औषधात राहू शकते. त्स्वेत हाच दोष वाकड्या पट्ट्यांवरून, नुसत्या डोळ्यांनी ओळखत होते.